मदत हवी आहे (तातडीने): इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये हार्डनॉट पासने (घाटातून) गाडी न्यावी का?

रानजाई
नमस्कार मंडळी, बारा दिवसांनी निघतोय आणि एकाच गोष्टीवर घोडं अडलंय. केझिकला चार रात्री आणि मग एस्कडेलमधल्या बूट गावात दोन रात्री असं बुकिंग आहे, पैसे भरलेत, परत मिळणार नाहीत. मॅप बूटला जायला अ‍ॅम्बलसाईडवरून रायनोज आणि हार्डनॉट पास दाखवतंय, आणि त्याचे व्हिडिओ बघून नवऱ्याने हाय खाल्लीये. तो म्हणतो बूट सोडून देऊ, पैसे गेले तर गेले. मला सोडायचं नाहीये. त्या रस्त्याने जाता येतं की नाही एवढंच सांगा, बाकी सगळं ठरलंय.

घाटवळण
जाता येतं, लोक जातात. पण महिना कुठला? गाडी केवढी, मॅन्युअल की ऑटोमॅटिक? मिस्टरांना तिकडे चालवायची सवय आहे का? यातलं काहीच लिहिलं नाहीत, उत्तर कशाच्या जोरावर द्यायचं?

रानजाई
ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. छोटी हॅचबॅक, मॅन्युअल, कारण ऑटोमॅटिक फार महाग पडत होती. आणि गाडी मी चालवणार आहे, नवऱ्याकडे लायसन्स नाही. मी पुण्यात रोज चालवते, वरंधा, ताम्हिणी, आंबेनळी सगळे घाट केलेत.

सह्यभटक्या
मग प्रश्नच मिटला. तिकडेही डावीकडूनच चालवायचं. हार्डनॉट जेमतेम ३९३ मीटर उंच आहे, आंबेनळी उतरलेल्या माणसाने त्याला घाबरायचं कारण नाही. बिनधास्त जा.

प्रेस्टनकर
असं सांगू नका हो कुणाला. मी अकरा वर्षं इकडे राहतेय, हार्डनॉट तीनदा केलाय, त्यातला एकदा पावसात, आणि तेव्हा माझे हात थरथरत होते. प्रश्न उंचीचा नाही, चढाचा आहे. तीनास एक, म्हणजे ३३ टक्के. आपले घाट एसटी आणि ट्रक चढतील अशा बेताने काढलेत, हा रस्ता एका गाडीच्या रुंदीचा आहे आणि वळणं इतकी आवळ की बॉनेटपुढचा रस्ताच दिसत नाही. समोरून कोणी आलं की दोघांपैकी एकाने रिव्हर्स घ्यायचा. चढून येणाऱ्याला शक्यतो आधी वाट द्यायची असा नियम आहे, पण सगळे पाळतात असं नाही. त्यात मॅन्युअल गाडी, ओला रस्ता, उभ्या चढावर हँडब्रेकवरून उचलायची. क्लच जळला तर भाड्याच्या गाडीच्या इन्शुरन्समध्ये तो बहुतेक वेळा धरत नाहीत. रानजाई, करारात क्लच आणि टायरबद्दल काय लिहिलंय ते आजच वाचा. माझ्या दिरांचा टायर तिथल्या दगडाला घासून फाटला होता आणि डिपॉझिटमधून चांगलेच पैसे कापले गेले.

सह्यभटक्या
तुमचा एक अनुभव म्हणजे नियम नाही ताई. घाबरवल्याने माणूस जास्त चुकतो.

प्रेस्टनकर
तीन अनुभव आहेत. आणि क्लचचे पैसे तुम्ही भरणार नाही आहात.

चहाबिस्किट
मी म्हणेन लेक डिस्ट्रिक्ट सोडाच, कॉट्सवोल्डला जा. लंडनहून जवळ, टुमदार गावं, चालायला कॉट्सवोल्ड वे आहे १०२ मैलांचा, त्यातला हवा तेवढा तुकडा घ्यायचा. आमच्या सासूबाईसुद्धा चालल्या.

रानजाई
अहो बुकिंग झालंय म्हटलं ना.

बसप्रेमी
केझिक, ग्रासमिअर, अ‍ॅम्बलसाईड, विंडरमिअर, केंडल अशी ५५५ नंबरची बस आहे. गाडीच कशाला हवी? पार्किंगचे पैसे वाचतात, दोघांनाही खिडकीतून बघता येतं.

घाटवळण
बूटला ती बस जात नाही, त्यामुळे हा उपाय इथे लागू नाही. रानजाई, एक कळेना. केझिकहून बूटला पश्चिमेकडून वळसा घालून चांगला रस्ता आहे, मॅप तो का दाखवत नाही? मधे काही टाकलंय का?

रानजाई
हो, ग्रासमिअरचा थांबा टाकलाय. तिथलं १८५४ पासूनचं जिंजरब्रेडचं दुकान मला बघायचंय. त्याचा काय संबंध?

घाटवळण
सगळा संबंध त्याचाच! ग्रासमिअर केझिकच्या दक्षिणेला, तिथून बूट म्हटलं की मॅप हार्डनॉटवरूनच ढकलणार. तो थांबा काढा. केझिकहून ए६६ ने कॉकरमथ, मग एग्रेमंट, ए५९५ ने गॉसफर्थ, तिथून सँटन ब्रिज, एस्कडेल ग्रीन, बूट. दीड तास धरा. शेवटचा टप्पा अरुंद आहे पण असला चढ नाही. आणि ग्रासमिअर आधीच्या चार दिवसांत कधीही करा, बसप्रेमींची ५५५ आहेच.

बसप्रेमी
तेच तर मी सांगत होतो.

कळसूबाईचा_लेक
ट्रेकचं कोणी विचारतच नाहीये. स्केफेल पाईक करा, इंग्लंडमधलं सर्वात उंच शिखर, ९७८ मीटर. आपली कळसूबाई १६४६ आहे, त्यामुळे तुम्हाला किरकोळ वाटेल.

प्रेस्टनकर
पुन्हा उंचीच! वर नुसते दगडगोटे आहेत, धुकं उतरलं की वाट दिसत नाही, शिड्या नाहीत की रेलिंग नाही. ढग असतील तर केझिकहून कॅटबेल्स करा, ४५१ मीटर, डरवेंटवॉटर तळ्यातल्या लाँचने हॉज एंडच्या धक्क्यावर उतरायचं आणि चढायला लागायचं. माथ्याजवळ थोडे हात टेकावे लागतात. छापील नकाशा, टॉर्च आणि शिटी बरोबर ठेवा, मदतीचा इशारा म्हणजे मिनिटात सहा शिट्ट्या. फोन लागला तर ९९९ ला आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं.

आणि विमानातून उतरल्या उतरल्या हीथ्रोहून केझिकपर्यंत चालवणार नाही ना? जवळपास ३०० मैल होतात.

रानजाई
तोच प्लॅन होता. सकाळी साडेसहाला उतरतोय.

प्रेस्टनकर
नका करू बाई. रात्रभर झोप नाही, गाडी अनोळखी, वेग मैलांत आणि मोटरवे. लंडनला एक रात्र काढा, नाहीतर लंडनच्या युस्टन स्टेशनहून ट्रेनने केझिकजवळच्या पेनरिथला या आणि गाडी तिथून घ्या.

रानजाई
थांबा काढून बघितला, मॅप खरंच कॉकरमथवरून दाखवतोय! दोन आठवडे त्या एका दुकानापायी आमची भांडणं चालली होती. नवरा बूटला तयार झालाय. लंडनला रात्र राहायचं त्यालाही पटलंय, आता गाडीचं बुकिंग पुढे ढकलता येतं का ते बघतेय. पण हार्डनॉटचा तो रोमन किल्ला मला बघायचाच आहे, त्याचं काय करू?

घाटवळण
किल्ला पासच्या बूटकडच्याच अंगाला आहे, घाट ओलांडावा लागत नाही. गाडी गावात ठेवा आणि चालत जा, एका बाजूने तीनेक मैल.

प्रेस्टनकर
सकाळीच निघा, त्या आठवड्यात सव्वासहा-साडेसहाला सूर्य मावळतो. रस्त्यावरून चालाल तिथे उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरची गाडी दिसते.