मदत हवी आहे: "सहकार्य करत नाही" म्हणून अभ्यासातून काढलं

सोलापूरकरीण: पुण्यात ऑटिझमवरच्या एका औषधाचा अभ्यास चालू आहे. महिनाभर हेलपाटे घातले, परवा स्क्रीनिंगमध्येच (निवडीच्या तपासणीत) माझ्या मुलाचं नाव काढलं. कागदावर एवढंच, "सहकार्य करत नाही". लेखी जाब कुणाला विचारायचा? लवकर सांगा.

माधव: वय किती? बोलतो का? आयसा (ऑटिझमची तीव्रता मोजायची भारतीय मोजपट्टी) स्कोअर?

अन्नपूर्णा: ताई, गहू-दूध बंद करून बघा. पुतणीला फरक पडला. आपल्याकडे ज्वारीला काय तोटा!

माधव: त्यांनी आहार विचारलेला नाही. ही पोरं दोन-तीन पदार्थांवर जगतात, त्यातला दूधभातही काढायचा?

सोलापूरकरीण: मुलगा, ९ वर्षांचा. बोलत नाही. आयसा १६१, म्हणजे तीव्र. हात चावून मनगटाला घट्टे पडलेत. घरात यंत्रमाग आहे. माग चालू असला की पलीकडच्या भिंतीला तळवा टेकवून शांत बसतो, वीज गेली की डोकं आपटतो. तिथं अनोळखी खोलीत चित्रं दाखवून "बोट ठेव" म्हणत होते. हाच त्रास कमी व्हावा म्हणून गेलो होतो ना आम्ही?

किरण७७: यूडीआयडी (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढलंत का? निरामय या सरकारी योजनेत १ लाखापर्यंत आरोग्य विमा आहे.

विशेष शिक्षिका: त्या कसोट्या बसणाऱ्या, बोलणाऱ्या मुलांसाठीच असतात. रक्त काढणंही अवघड, म्हणून आपली मुलं अभ्यासातून गळतात. मग सौम्य मुलांवर तपासलेलं औषध आपल्या मुलांना लिहून मिळतं. पण अशा मुलांना घेऊन अभ्यास जमत नाही असं नाही. २००२ मध्ये अमेरिकेत रिस्पेरिडोन या औषधाचा अभ्यास झाला, १०१ मुलं, त्यांत बौद्धिक अक्षमता असलेली पुष्कळ. चिडचिड, मारणं, स्वतःला इजा करणं हे पालकांकडूनच मोजून घेतलं.
ताई, सीटीआरआयच्या (औषधांच्या अभ्यासांची नोंद ठेवणाऱ्या) सरकारी साइटवर तो अभ्यास शोधा. कुणाला घेणार, कुणाला वगळणार ते तिथं असतं. संमतीपत्राबरोबरच्या माहितीपत्रकावर एथिक्स कमिटीचा (अभ्यासात घेतलेल्यांच्या हिताकडे बघणाऱ्या समितीचा) संपर्क असेल, तिकडे लिहा.

बाळीवेसकर: एवढ्यापेक्षा स्टेम सेल (मूळपेशी) उपचार करून टाका.

माधव: अजिबात नको. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच ऑटिझमसाठी त्याला नकार दिलाय. आणि संशोधन म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा.

सोलापूरकरीण: सापडला. वगळण्याच्या यादीत फिट्स आहेत, हृदयविकार आहे. न बोलणारी मुलं कुठंच नाहीत! पत्र आज रात्रीच लिहिते. बाई, धाडण्याआधी वाचाल?

विशेष शिक्षिका: पाठवा. मनगटाचं आणि भिंतीचं नक्की लिहा.