मदत हवी आहे: टोकन दिलं, एजंट कागद दाखवत नाही (नागपूर)

नमस्कार मंडळी. बाबा निवृत्तीच्या पैशातून बेसा भागातल्या नवीन लेआउटमध्ये प्लॉट घेताहेत. एजंटनं ५१ हजार टोकन घेतलं, पण मंजूर नकाशा अन् एनए (बिगरशेती) आदेश मागितला की "रजिस्ट्रीच्या दिवशी देतो" म्हणतो. आता कळलं, तो लेआउटवाल्याकडूनही कमिशन घेतो. हे आम्हाला आधी सांगायला नको होतं का?

रेरा (स्थावर मालमत्ता) कायदा २०१६ च्या कलम १० प्रमाणे बुकिंगच्या वेळीच ग्राहकाला हक्काची माहिती अन् कागदपत्रं मिळवून देणं एजंटचं काम आहे. नोंदणी नसलेला प्रकल्प विकताही येत नाही. एजंटचा महारेरा (राज्याचं रेरा प्राधिकरण) नोंदणी क्रमांक मागितला, तर तो विषय बदलतो. बाबांना झोप नाही.

टोकन परत मिळवायला आधी वकिलाची नोटीस द्यावी की थेट महारेराकडे तक्रार करावी? कुणी केली असेल तर कृपया सांगा.