शब्दचर्चा : ‘तिमाहीचा कर’ म्हणजे नेमका कोणता कर?

प्रश्न

मी वाणिज्य शाखेच्या मुलांना मराठीतून हिशेब शिकवते. कंपन्यांचे तिमाही निकाल वर्गात वाचायला घेतले की एका ओळीपाशी गाडी अडते. तक्त्यात ‘करखर्च’ असतो, त्याखाली ‘चालू कर’ आणि ‘आस्थगित कर’. बातमीत तोच आकडा ‘कंपनीने तिमाहीत भरलेला कर’ होतो. कुणी ‘करतरतूद’ म्हणतं. प्राप्तिकर तर वर्षाच्या उत्पन्नावर लागतो, मग तीन महिन्यांचा कर आला कुठून, असं मुलं विचारतात. हे शब्द एकाच अर्थाचे आहेत का?

उत्तर

ताई, मुलांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. तिमाहीचा असा वेगळा प्राप्तिकर कायद्यात नाहीच. तक्त्यात दिसतो तो वर्षाच्या कराचा अंदाज, आणि त्यातला या तिमाहीच्या वाट्याला आलेला भाग. इंड एएस ३४ हे अंतरिम निकालांचं लेखामानक सांगतं की पूर्ण आर्थिक वर्षासाठी अपेक्षित असलेल्या भारित सरासरी करदराचा शक्य तितका चांगला अंदाज करा आणि तो दर तिमाहीच्या करपूर्व नफ्याला लावा. आम्ही सीए मंडळी दिवसभर ‘ईटीआर’ म्हणतो तो हाच. मराठीत ‘प्रभावी करदर’ रुळलाय, तोच वापरा.

फळ्यावर मांडता येईल असं एक काल्पनिक उदाहरण देतो. कंपनीला वर्षभरात ४०० कोटी रुपये करपूर्व नफा अपेक्षित आहे. कर २२ टक्के, त्यावर १० टक्के अधिभार आणि मग ४ टक्के उपकर, म्हणजे २५.१६८ टक्के. सीएसआरवर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या कामांवर, ८ कोटी खर्च होणार, तोही सगळा मार्चच्या तिमाहीत. या खर्चाची वजावट प्राप्तिकरात मिळत नाही. म्हणून कर ४०८ कोटींवर, सुमारे १०२.६९ कोटी. तो ४०० कोटी नफ्याशी ताडला की प्रभावी दर येतो २५.६७ टक्के. जूनच्या तिमाहीत १०० कोटी नफा झाला तर करखर्च २५.६७ कोटी दाखवायचा, जरी सीएसआरचा एक रुपयाही अजून खर्च झालेला नसला तरी.

आता सप्टेंबरमध्ये धंदा मंदावला. वर्षाचा अंदाज ३०० कोटींवर आला, सीएसआर तेवढाच राहिला. नवा प्रभावी दर २५.८४ टक्के. सप्टेंबरचा नफा ६० कोटी, म्हणजे सहामाहीचा १६०. त्यावर नव्या दराने कर ४१.३४ कोटी. जूनमध्ये दाखवलेले २५.६७ वजा केले की सप्टेंबरच्या वाट्याला १५.६७ कोटी येतात. ६० कोटींवर हा दर २६.१२ टक्के पडतो! जूनच्या अंदाजातली कसर सप्टेंबरमध्ये भरून निघाली, एवढाच त्याचा अर्थ. पण हे ठाऊक नसलेला माणूस ‘सरकारने कर वाढवला’ असं समजून बसतो.

‘भरलेला कर’ हा शब्द इथे सरळसरळ चूक आहे. भरणा होतो तो अग्रिम कराचा. वर्षाच्या अंदाजित कराच्या १५ टक्के १५ जूनपर्यंत, ४५ टक्के १५ सप्टेंबरपर्यंत, ७५ टक्के १५ डिसेंबरपर्यंत आणि पूर्ण १५ मार्चपर्यंत. त्या पैशाचा आणि तक्त्यातल्या करखर्चाचा आकडा जुळेलच असं नाही. तेव्हा नफा-तोटा पत्रकात ‘करखर्च’, पैसे सरकारकडे गेले तर ‘करभरणा’. ‘करतरतूद’ बोलण्यात दोन्हीकडे चालते, पण वर्गात ती ताळेबंदातल्या देण्यासाठी राखून ठेवा.

आणखी एक प्रतिसाद

मी बरीच वर्षं अर्थविषयक बातम्या संपादित केल्या. मला अडतो तो ‘आस्थगित’. मराठी वाचकाला ‘स्थगित’ म्हटलं की कोर्टाची स्थगिती आठवते. त्याला वाटतं, या कराची वसुली कुणीतरी थांबवलीय. प्रत्यक्षात हिशेबाची वही आणि प्राप्तिकराचा कायदा एकच खर्च वेगवेगळ्या वर्षांत मोजतात. त्या फरकापोटी पुढे द्यावा लागणारा किंवा पुढे वाचणारा कर म्हणजे हा. ‘विलंबित कर’ही नको, त्यात थकबाकीचा वास येतो. अधिकृत तक्त्यात ‘आस्थगित’ ठेवावं लागेल, पण बातमीत ‘पुढील वर्षांत द्यावा लागणारा कर’ किंवा ‘पुढील वर्षांत वाचणारा कर’ असं उलगडून लिहिलं तर काय बिघडतं?

हे उलगडून न लिहिल्याने केवढा गोंधळ होतो ते २०१९ मध्ये दिसलं. २० सप्टेंबरला अध्यादेश निघाला आणि कंपन्यांना २२ टक्क्यांच्या कराचा पर्याय मिळाला. बाजार उसळला. पुढच्याच महिन्यात आयसीआयसीआय बँकेचा सप्टेंबर तिमाहीचा निकाल आला : करोत्तर नफा ६५५ कोटी. त्यात २,९२० कोटींचा एकरकमी बोजा होता. पुढे वाचणाऱ्या कराची मत्ता जुन्या, चढ्या दराने मांडलेली होती. दर उतरला, म्हणून वाचणारा करही कमी झाला आणि तो फरक त्याच तिमाहीत खर्ची पडला. तो नसता तर नफा ३,५७५ कोटी असता. ‘कर घटला म्हणून नफा घटला’ हे वाक्य वाचकाच्या गळी उतरवायचं तर ‘आस्थगित’ या एका शब्दावर भागत नाही.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. पटलं. एक राहिलं : कधी कधी करखर्चाचा आकडा कंसात, म्हणजे उणे असतो. मुलं त्याला ‘परतावा’ म्हणतात.

उत्तर

परतावा नको, ताई. परतावा म्हणजे खात्याकडून खरोखर परत आलेला पैसा. आंतरराष्ट्रीय मानकातच, आयएएस ३४ मध्ये, याचं उदाहरण आहे. पहिल्या तिमाहीत नफा १५,०००, पुढच्या तिन्ही तिमाहींत प्रत्येकी ५,००० तोटा, करदर २० टक्के. वर्षाचा नफा शून्य, कर शून्य. तरी पहिल्या तिमाहीत करखर्च ३,००० दाखवायचा आणि पुढे प्रत्येकी १,००० वजा. सरकारने यातलं काही परत केलेलं नाही. म्हणून मी ‘करजमा’ म्हणतो, खर्चाच्या उलट बाजूची नोंद म्हणून.

मार्चचा रकाना मात्र वेगळा शिकवा. तो आकडा पूर्ण वर्षाच्या लेखापरीक्षित आकड्यातून आधी जाहीर केलेले नऊ महिन्यांचे आकडे वजा करून येतो. त्यामुळे वर्षभरातल्या अंदाजांची उरलीसुरली चूक तिथे जमा होते आणि त्या एका तिमाहीचा करदर कधी १५ टक्के, कधी ३५ टक्के दिसू शकतो. त्या दरावरून कंपनीबद्दल काही ठरवण्याआधी मुलांना वर्षाचा रकाना वाचायला लावा.