भूकंपाच्या धक्क्यांची इतकी सवय झालीय की आता घरात कुणी उठतही नाही. हे बरं की वाईट?

तिसरा_मजला

आमच्याकडे गेलं दीड वर्ष जमीन हलतेय. रोज नाही, पण आठवड्यात एखाददुसरा धक्का ठरलेला, आणि कधी एका रात्रीत तीन-चार. बहुतेक ३ रिश्टरच्या आतबाहेरचे. पहिल्या महिन्यात आम्ही दरवेळी जिना उतरून खाली पळायचो. सासूबाई गुडघ्यांचं दुखणं विसरून माझ्याही आधी खाली पोचायच्या. रात्री अंगावर बाहेरचे कपडे, उशाला बॅटरी, दाराशी चपला.

मग आधी खाली जाणं थांबलं. नंतर नुसतं दारापर्यंत जायचो, तेही थांबलं. मग पलंगावर उठून बसणंही गेलं. आता धक्का बसला की सहावीतला मुलगा डोळे न उघडता आकडा सांगतो, "३.२." त्याची ताई म्हणते, "नाही रे, २.९." सकाळी मोबाइलवर बघतात कोण बरोबर ते. मला त्याचं कौतुक वाटायचं. पोरं घाबरत नाहीत, बरंच झालं म्हणायचे.

गेल्या मंगळवारी रात्री जाग आली. आधी तो लांबून ट्रक आल्यासारखा आवाज, मग खिडकीची तावदानं वाजली. मी मनात आकडे मोजले. सातला थांबलं. कूस बदलून झोपले.

सकाळी मुलाच्या खोलीत अंथरूण काढताना सहज वर लक्ष गेलं. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक कडेच्या बाहेर चार बोटं आली होती. बरोबर खाली त्याची उशी. स्टूल घेऊन वर चढले. ट्रंकेच्या मागे फळीवर सरकल्याचे पट्टे दिसत होते. भिंतीकडच्या पट्टीवर धुळीचा जाड थर, त्याच्या पुढच्या पट्टीवर थोडी कमी, अगदी अलीकडची पट्टी स्वच्छ. म्हणजे ती मंगळवारी एका धक्क्यात सरकली नव्हती. कितीतरी महिने येत होती पुढे, प्रत्येक धक्क्याला थोडी थोडी, आणि आम्ही खाली झोपून आकडे सांगत होतो.

तेव्हापासून मला झोप नीट लागत नाही. रोज घाबरून जगता येत नाही हे मलाही कळतं. पण सवय झाल्यावर माणसाने करायचं काय? आणि "छोटे बसतायत ते चांगलं, ताण निघून जातो, मोठा बसणार नाही" असं इमारतीतले सगळे म्हणतात. ते खरं आहे का?

---

सावलीचं_झाड

ताई, इतकं मनाला लावून घेऊ नका. मीही अशाच भागात दहा वर्षं काढली. मी तरी असंच ऐकत आलोय की छोट्या धक्क्यांनी जमिनीतला जोर हळूहळू बाहेर पडतो. कुकरची शिट्टी होते तसं. शिट्ट्या होतायत तोवर कुकर फुटत नाही. आम्हाला दहा वर्षांत काही झालं नाही. ट्रंक तेवढी खाली काढा आणि शांत झोपा.

---

तरंगरेषा

मी काही वर्षं भूकंपाच्या नोंदी वाचायचं काम केलंय, म्हणून लिहितो. सावलीचं_झाड यांचा हेतू चांगला आहे, पण ही कुकरची उपमा फार घातक आहे आणि ती जगभर लोकांच्या तोंडी आहे.

हिशोब करून बघा. रिश्टरचा आकडा एकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा साधारण ३२ पटीने वाढते. म्हणजे ३ आणि ६ यांच्यातला फरक ३२ गुणिले ३२ गुणिले ३२, जवळपास ३२ हजार पट. ६ च्या एका भूकंपाचा जोर ३ च्या धक्क्यांनी "निघून" जायचा तर असे ३२ हजार धक्के लागतील. तुमच्याकडे आठवड्याला दोन धरले तर तीनशे वर्षं. आणि निसर्गात लहान धक्क्यांची संख्या त्या प्रमाणात नसतेच. आकडा एकाने कमी झाला की धक्के साधारण १० पट वाढतात, ऊर्जा मात्र ३२ पट घटते. म्हणून ही वजाबाकी कधीच पुरी होत नाही. जमिनीतला जवळजवळ सगळा जोर मोठेच भूकंप वाहून नेतात.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगतो, नाहीतर ताईंची उरलीसुरली झोपही जाईल. बहुसंख्य धक्क्यांच्या मागे काहीही मोठं येत नाही. एखाद्या धक्क्यानंतर काही दिवसांत त्याहून मोठा बसण्याची शक्यता ढोबळ मानाने शंभरात पाच-सहा. धक्क्यांच्या किती मालिका येतात आणि विरून जातात. अडचण एवढीच की मोठ्या भूकंपाआधीचा धक्का आणि साधा धक्का यांत, तो बसत असताना, कसलाही फरक दिसत नाही. तो "आधीचा" होता हे नंतरच कळतं. चीनमध्ये १९७५ च्या फेब्रुवारीत हायचेंगला आधी लहान धक्क्यांची रांग लागली, लोकांना घराबाहेर काढलं गेलं, मग ७.३ चा आला आणि खूप जीव वाचले. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये तांगशानला तशी काहीच सूचना मिळाली नाही आणि सरकारी आकड्याप्रमाणे २ लाख ४२ हजार माणसं गेली.

सवयीचं म्हणाल तर मला इटलीतलं लाक्विला आठवतं. तिथे २००९ च्या सुरुवातीपासून महिनोन्‌महिने लहान धक्के चालू होते. त्या भागातल्या जुन्या माणसांची रीत अशी की रात्री धक्का बसला की घर सोडायचं आणि चौकात जाऊन थांबायचं. ३१ मार्चला तज्ज्ञांची बैठक झाली. त्याच सुमाराला एका जबाबदार अधिकाऱ्याने मुलाखतीत सांगितलं की ऊर्जा बाहेर पडतेय, त्यामुळे परिस्थिती अनुकूल आहे. हीच कुकरची शिट्टी. ५ एप्रिलच्या रात्री अकराच्या आधी एक धक्का बसला, मध्यरात्रीनंतर आणखी एक. बरीच कुटुंबं त्या रात्री घरातच थांबली. पहाटे ३ वाजून ३२ मिनिटांनी ६.३ चा भूकंप झाला आणि ३०९ माणसं गेली. पुढे खटला चालला. शास्त्रज्ञ अपिलात सुटले, त्या अधिकाऱ्याची शिक्षा कमी झाली पण टिकली. मला खटल्यापेक्षा ती चौकात जायची रीत जास्त आठवते. धीराचे दोन शब्द ऐकून कितीतरी घरांनी ती एका रात्रीपुरती सोडली.

"मोठा येऊन गेला, आता फक्त लहानच" हेही तितकंच फसवं. जपानमध्ये कुमामोतोला १४ एप्रिल २०१६ च्या रात्री मोठा धक्का बसला. काही लोक घरी परतले. १६ तारखेला पहाटे १ वाजून २५ मिनिटांनी त्याहून मोठा, ७ चा आला. जी घरं पहिल्यात खिळखिळी झाली होती ती दुसऱ्यात बसली. त्यानंतर तिथल्या हवामान खात्याने जाहीर निवेदनांत "पश्चात धक्के" हा शब्दच वापरायचं थांबवलं, कारण तो ऐकला की माणूस गाफील होतो.

आणि ताई, तुम्ही मोजलेल्या त्या सात सेकंदांबद्दल. सुरुवातीला जे हलकं हलतं, खिडक्या वाजतात, त्या पहिल्या लाटा. जोराने हलवणाऱ्या लाटा मागून येतात. भूकंपाचं केंद्र जवळ असेल तर मधे एखाद-दोनच सेकंद मिळतात. मोठ्या भूकंपाची सुरुवातही तुम्हाला तशीच वाटेल, ट्रकचा आवाज आणि तावदानं. लहान आहे की मोठा हे पलंगावर पडल्यापडल्या ठरवायला गेलात तर हाताशी असलेला सगळा वेळ त्यातच जातो. तुमची मुलं आकडा ओळखण्यात पटाईत झालीत, पण ती धक्का संपल्यावर ओळखतायत.

---

जुना_मास्तर

मी १९९३ साली कॉलेजात होतो. किल्लारीला मदतीला गेलेल्या मुलांच्या तुकडीत होतो, म्हणून हा धागा वाचून राहवलं नाही.

बऱ्याच जणांना वाटतं तिथे भूकंप अचानक झाला. तसं नव्हतं. त्या गावाला आदल्या वर्षापासून, १९९२ पासून धक्के बसत होते. ऑक्टोबरात बरा मोठा बसला होता, घरांना तडे गेले होते. लोक तेव्हा उघड्यावर झोपत होते. पण उघड्यावर माणूस किती दिवस झोपणार? थंडी येते, पाऊस येतो, घरात म्हातारी माणसं असतात, तान्ही मुलं असतात. जमीन थोडी शांत झाली, माणसं आत गेली. त्यांना बेफिकीर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दुसरी जागा दिली होती कुणी त्यांना?

३० सप्टेंबरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, मिरवणुकीने थकलेलं गाव गाढ झोपेत. भूकंप ६.२ चा, जगाच्या हिशोबात मध्यम. सरकारी नोंदीतला आकडाच आठ हजारांच्या घरात जातो. घरं कशी होती ते मी हाताने उपसलंय. हात-दोन हात जाडीच्या दगडी भिंती, सांध्यात नुसती माती, आणि वर माळवद, म्हणजे लाकडावर थरावर थर चढवलेली माती. वर्षानुवर्षं गळू नये म्हणून त्यावर आणखी माती घातलेली. उन्हाळ्यात ती घरं गारेगार राहायची, माणसाला वाटायचं केवढं भक्कम घर. भिंत आतून सुटी होती. जाड भिंतीची आतली आणि बाहेरची फळी एकमेकींना बांधणारे लांब आडवे दगडच नव्हते. हादरा बसला की दोन्ही फळ्या दोन बाजूंना फुगायच्या आणि वरची माती आत यायची. माणसं मातीने गुदमरली होती.

एका घराच्या ढिगाऱ्यात दाराची चौकट तेवढी उभी होती. बाजूच्या भिंतीचा तुकडा शिल्लक होता आणि त्यावर जुना तडा मातीने लिंपून बुजवलेला दिसत होता. हाताने लिंपलेलं, बोटांचे ठसे वाळून राहिलेले. तो तडा आदल्या वर्षीचाच होता की आणखी कधीचा, कोण सांगणार. पण कुणाला तरी तो दिसला होता आणि त्याच्यापाशी जे होतं त्याने तो बुजवला होता. ती बोटं तीस वर्षांनीही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

ताई, तुमची झोप उडाली ते वाईट वाटतं. पण स्टुलावर चढून तुम्ही पट्टे बघितलेत, ते फार चांगलं केलंत.

---

ओळंबा

बांधकामात आयुष्य गेलं. मास्तरांनी लिंपलेल्या तड्याचं लिहिलं, तिथूनच पुढे सांगतो.

गिलाव्यावरचे केसासारखे बारीक तडे, किंवा कॉलम आणि विटांची भिंत जिथे मिळते तिथली उभी रेघ, ही बऱ्याच घरांत असते, तेवढ्याने घाबरू नका. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपा निघालेला तडा, फुलीसारखे एकमेकांना छेदणारे तडे, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढणारा तडा, आणि कॉलम-बीममध्ये कुठलाही तडा दिसला की इंजिनिअरला दाखवा. पूर्वी सहज लागणारं दार अचानक घासायला लागलं तर तेही सांगा. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करून शेजारी तारीख लिहा. पुढच्या धक्क्यानंतर तडा खुणेच्या पुढे गेला का ते बघा. लहान धक्के इमारत पाडत नाहीत, पण आधीच कच्च्या असलेल्या विटकामाला दरवेळी थोडं सैल करतात. तुमच्या ट्रंकेसारखंच आहे ते. कृपा करून रंग देऊन तडे झाकू नका, तुमची नोंदवही पुसली जाते.

घरातल्या वस्तूंनी माणसं दगावतात हे लोक विसरतात. उंच कपाट वरून भिंतीला एल आकाराच्या पट्टीने आवळा, आणि स्क्रू गिलाव्यात नको, विटेत किंवा काँक्रीटमध्ये खोलवर जायला हवा. पलंगाच्या डोक्यावर काहीही जड नको, आरसाही नको. पलंग खिडकीपासून लांब.

हलत असताना जिन्याने पळू नका. जिन्यात आणि दारात बरीच माणसं जखमी होतात. तिसऱ्या मजल्यावरून, काँक्रीटच्या इमारतीत, भक्कम टेबलाखाली शिरून त्याचा पाय धरून बसणं बरं. टेबल नसेल तर आतल्या भिंतीशी खाली बसून डोकं-मान हातांनी झाका. थांबल्यावर मग खाली. माती-दगडाचं कच्चं घर असेल आणि दार दोन पावलांवर असेल तर गोष्ट वेगळी, तिथे बाहेर पडणंच बरं. चपला पलंगाशी हव्यात, कारण काचा आधी फुटतात.

---

तिसरा_मजला

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, तुमचं लिहिलेलं मी घरात मोठ्याने वाचलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण दुपारी बघते तर त्यांनी स्वतः त्यांच्या पलंगावरची देवाची मोठी तसबीर काढून खाली भिंतीला टेकवून ठेवली होती.

ट्रंक त्याच दिवशी उतरवली. माळा पूर्ण रिकामा केला. बैठकीच्या खोलीतला तडा बघितला तर तो खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपाच निघालाय. वीतभर आहे. पेन्सिलने खुणा करून तारीख घातली. पोरांशी बोलले. आकडे सांगायला बंदी नाही केली, फक्त टेबलाखालून सांगायचे असं ठरलं. मुलाने पलंगापासून टेबलापर्यंत पावलं मोजली, पाच आहेत. मधली खुर्ची त्यानेच हलवली.

एक अडचण आहे. घर भाड्याचं आहे, घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत. ओळंबा दादा, कपाटाचं काय करू?

---

ओळंबा

घरमालकांना तो तडा दाखवा, खुणा आणि तारखेसकट. तिरपा आहे तर इंजिनिअरला बोलवायची जबाबदारी त्यांचीही आहे. तोवर कपाटातलं सगळं जड सामान सगळ्यात खालच्या कप्प्यात, वरचे कप्पे हलके. पुढच्या दोन पायांखाली लाकडाची पातळ पाचर ठोका, म्हणजे कपाट भिंतीकडे किंचित कलेल. हा बांधून घेण्याला पर्याय नाही, तात्पुरता आधार आहे. आणि कपाट पडलं तर दारात आडवं पडून वाट अडवेल अशा जागी असेल तर आजच हलवा.

---

तिसरा_मजला

दारातच आहे. आज संध्याकाळी हलवते.

काल रात्री पावणेदोनला पुन्हा एक बसला. मी टेबलापाशी पोचेपर्यंत मुलगा आत होता, टेबलाचा पाय धरून. ताई त्याच्या मागोमाग. सासूबाई पलंगाशेजारी आतल्या भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या, डोक्यावर हात घेऊन. थांबल्यावर आम्ही पाच मिनिटं तसेच बसलो. मग बॅटरी घेऊन तडा बघितला. पेन्सिलच्या खुणेच्या आतच आहे.