‘रॉबर बॅरन’ला मराठीत काय म्हणावं?

रानवाट: व्हँडरबिल्ट (बोटी), रॉकफेलर (तेल), कार्नेगी (पोलाद) या एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन धनाढ्यांवरचा एक लेख मराठीत आणतेय. त्यांना हिणवून म्हणतात त्या ‘रॉबर बॅरन’पाशी अडलेय. ‘लुटारू सरदार’ लिहिलं की घोड्यावरचे पेंढारी दिसायला लागतात, ‘उद्योगसम्राट’ लिहिलं तर आरती ओवाळल्यासारखं होतं. ‘मक्तेदार’ चालेल का?

जुना खर्डा: नको. मक्ता सरकार देतं. ठरलेली रक्कम सरकारात भरायची आणि दारूचा नाहीतर नाक्याचा वसूल आपण घ्यायचा. रॉकफेलरना तेलाचा मक्ता कुणी दिला होता?

उलट व्हँडरबिल्टांची सुरुवात मक्ता मोडण्यातून झाली. न्यूयॉर्कच्या पाण्यात वाफेच्या बोटी चालवायचा हक्क तिथल्या विधिमंडळाने लिव्हिंग्स्टन आणि फुल्टन यांना दिला होता. तो खरा मक्ता. तरुण व्हँडरबिल्ट गिबन्स नावाच्या मालकाची बोट न्यू जर्सीहून त्या हद्दीत बेधडक घालत. १८२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गिबन्स जिंकले आणि मक्ता निकालात निघाला.

पुढे ‘रॉबर बॅरन’ची उपमा चिकटली तीही व्हँडरबिल्टांनाच. १८५९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या हेन्री रेमंड यांनी त्यांची तुलना ऱ्हाइनकाठच्या गढ्यांवरून व्यापारी होड्यांवर झडप घालणाऱ्या जुन्या जर्मन सरदारांशी केली. कारण काय, तर कॅलिफोर्नियाच्या मार्गावर आपल्या बोटी *न* चालवण्याबद्दल ते दुसऱ्या कंपनीकडून दरमहा पैसे घेत होते. याला आपल्याकडे सरळ खंडणी म्हणतात.

माझं मत ‘पुंडपाळेगार’ला, म्हणजे आपल्या मुलखात मनमानी वसुली करणाऱ्या दांडग्या सरदाराला.

तिसरी घंटा: खर्डेकाका, शब्द झकास, पण बखरीतून उठून आल्यासारखा वाटतो. ‘धनदांडगे’ काय वाईट? रोजच्या पेपरातला शब्द आहे.

जुना खर्डा: अहो, धनदांडगा पैशाच्या जोरावर दांडगाई करतो. इथे दांडगाईतून पैसा झालाय, क्रम उलटा. शिवाय पाळेगार नुसता लुटत नाही, वाट अडवून बसतो. रॉकफेलरांचं १८७२ सालचं प्रकरण बघा. रेल्वे कंपन्यांशी गुपचूप ठरलं की सगळ्यांचं भाडं वाढवायचं. यांच्या गटाला स्वतःच्या तेलावर सूट मिळणारच, पण प्रतिस्पर्ध्याने पाठवलेल्या प्रत्येक पिंपामागेही काही रक्कम यांच्याच खिशात पडणार. दुसऱ्याच्या मालावर आपली जकात! ऱ्हाइनवर तरी वेगळं काय चालायचं? पेनसिल्व्हेनियाच्या तेलपट्ट्यात बोंबाबोंब झाली आणि योजना सुरू होण्याआधीच बारगळली. पण तिची दहशत होती तेवढ्या काही आठवड्यांत रॉकफेलरांनी क्लीव्हलंडमधले २६ पैकी २२ प्रतिस्पर्धी कारखाने पदरात पाडून घेतले.

तिसरी घंटा: पटलं. जाता जाता, त्याच लेखात ‘ट्रस्ट’ येणार, तिथे जपा. आपल्याकडे ट्रस्ट म्हणजे देवस्थान नाहीतर शाळा-कॉलेज. स्टँडर्ड ऑइलचा १८८२ चा ट्रस्ट म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या भागधारकांनी आपले शेअर मूठभर विश्वस्तांच्या हाती सोपवायचे आणि सगळा कारभार एकाच मुठीत जायचा. ‘अँटी-ट्रस्ट कायदा’ तुम्ही ‘न्यासविरोधी’ केलात तर १९११ मध्ये स्टँडर्ड ऑइलचे ३४ तुकडे झाले हे वाचताना लोकांना धर्मादाय आयुक्तच आठवायचे. तिथे मात्र ‘मक्तेदारीविरोधी’ लिहा. खर्डेकाका नाक मुरडतील, मुरडू देत.

जुना खर्डा: मुरडलं. पण रूढ झालाय शब्द, आता इलाज नाही.

रानवाट: मग ‘पुंडपाळेगार’च लिहिते, पहिल्यांदा येईल तिथे ऱ्हाइनची ओळ जोडून. पण कार्नेगींना तो बसतो का? त्यांचा तर पोलादाचा कारखाना, वाट अडवलेली नाही.

जुना खर्डा: कमी बसतो. त्यांचा जोर खर्चाच्या हिशेबावर, टनामागे किती पडलं यावर. मंदीत इतर हात आखडत तेव्हा ते कारखाना वाढवत. शेवटी १९०१ मध्ये सगळं ४८ कोटी डॉलरला बँकवाल्या मॉर्गनना विकून मोकळे झाले. त्यांना ‘पोलादाचे कारखानदार’ म्हणा, पुरे. (नुसतं ‘कारखानदार’ नको, आपल्याकडे लगेच उसाचा वास येतो.) मात्र त्यांच्या होमस्टेडच्या पोलाद कारखान्यातल्या १८९२ च्या संपाचा परिच्छेद असेल, तर कार्नेगी स्कॉटलंडला असताना त्यांचे भागीदार फ्रिक यांनी रातोरात नदीतून सुमारे ३०० पिंकर्टनवाले (पिंकर्टन या खाजगी कंपनीची भाडोत्री हत्यारबंद माणसं) आणवले, त्यांना ‘सुरक्षारक्षक’ लिहू नका. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: शिबंदी.