मदत हवी आहे: आरएच्या औषधांमुळे पुरळ, नेमकी कुठली गोळी थांबवायची?

आई, वय 58, रूमॅटॉइड आर्थ्रायटिस (आरए, सांध्यांना सूज आणणारा संधिवात). मेथोट्रेक्सेट 15 मिग्रॅ आठवड्यातून एकदा, दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड 5 मिग्रॅ, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन 200 मिग्रॅ रोज, हे सहा महिने चालू आहे. तीन आठवड्यांपूर्वी सल्फासलाझिनची भर पडली. आता 500 ची एकेक गोळी सकाळ-संध्याकाळ. परवापासून छाती-पाठीवर लाल, खाजरं पुरळ उठलंय, तोंडही आलंय. ताप नाही. सगळ्याच गोळ्या बंद करू का?

प्रतिसाद 1
सल्फासलाझिन लगेच थांबवा आणि आजच डॉक्टरांना कळवा. त्याचं पुरळ बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच उठतं, त्यामुळे पहिला संशय त्याच्यावरच. पुरळ किती पसरलंय यापेक्षा सोबत काय आहे ते पाहा. ताप, चेहऱ्यावर सूज, मानेत किंवा काखेत गाठी, पिवळे डोळे दिसले तर ते 'ड्रेस' (DRESS, औषधाची गंभीर ॲलर्जिक रिॲक्शन) असू शकतं. औषध सुरू केल्यापासून साधारण 2 ते 8 आठवड्यांत होतं आणि यकृतालाही इजा करतं. कातडी दुखायला लागली, फोड आले, सोलायला लागली किंवा डोळे लाल झाले तर फोनवर वेळ न घालवता थेट इमर्जन्सीत न्या. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) डिफरन्शियलसकट, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या प्रकारांसकट करा (ॲलर्जीत वाढणाऱ्या इओसिनोफिल पेशी वाढल्यात का ते कळतं), शिवाय यकृतासाठी एसजीपीटी आणि किडनीसाठी क्रिएटिनिन.

प्रतिसाद 2
वरच्याशी सहमत, पण तोंड आलंय ते मला जास्त खटकतंय. मेथोट्रेक्सेट शरीरात साठलं की तोंडात व्रण येतात आणि रक्तातल्या पेशीही घटू शकतात. आधी स्ट्रिप हातात घेऊन गोळ्या मोजा. 2.5 आणि 10 मिग्रॅच्या गोळ्यांची अदलाबदल होते, किंवा आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली जाते; ही चूक जिवावर बेतते. मधे लघवीच्या संसर्गासाठी को-ट्रायमोक्साझोल (सल्फा अँटिबायोटिक) दिलं होतं का, तेही सांगा. मेथोट्रेक्सेटसोबत ते चालत नाही. सीबीसी येईपर्यंत या आठवड्याचा डोस देऊ नका. पेशी घटल्या असतील तर फॉलिक ॲसिड वाढवून भागत नाही, दवाखान्यात फोलिनिक ॲसिड (मेथोट्रेक्सेटवरचा उतारा) द्यावं लागतं.

प्रश्नकर्ता
गोळ्या मोजल्या, बरोबर आहेत. अँटिबायोटिक नाही. सल्फासलाझिन थांबवलं, रक्त द्यायला निघालोय. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचं काय?

प्रतिसाद 1
ते डॉक्टरांवर सोडा. शरीरातून उतरायला महिने लागतात, त्यामुळे दोन दिवस बंद ठेवून काहीच कळणार नाही. निघण्यापूर्वी पुरळाचे उजेडात फोटो काढा, उद्यापर्यंत रूप बदलतं. पुरळ गेल्यावर सल्फासलाझिन घरच्या घरी पुन्हा सुरू करू नका. फाइलच्या पहिल्या पानावर या औषधाचं नाव आणि आलेली रिॲक्शन लिहून घ्या, आणि कुणी सल्फा अँटिबायोटिक लिहून दिलं तर हे आवर्जून सांगा.