'मंत्रचळ', 'शंका' आणि 'मनात येणे' : ओसीडीच्या उपचारातले मराठी शब्द

ओसीडीला (ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह डिसऑर्डर : नको असलेले विचार सतत मनात येणे आणि त्यापायी त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा करणे, असा मानसिक आजार) मराठीत काय म्हणावे, या प्रश्नाला सहसा दोन उत्तरे मिळतात : बोलीतला 'मंत्रचळ' आणि परिभाषेतली 'कल्पना-कृती अनिवार्यता'. मानसोपचाराच्या रोजच्या कामात रुग्णाशी आणि त्याच्या घरच्यांशी मराठीतच बोलायचे असल्याने मी हे शब्द उपचाराच्या अंगाने पारखतो, आणि त्या कसोटीवर दोन्ही अपुरे पडतात.

'मंत्रचळ' म्हणजे मुळात मंत्रसाधनेत काही चुकल्यामुळे लागलेला चळ. व्यवहारात मात्र पुन्हा पुन्हा हात धुणाऱ्या किंवा कडी तपासणाऱ्या माणसाला 'मंत्रचळी' म्हटले जाते. शब्द घरोघरी ठाऊक आहे आणि तो कानी पडताच रुग्णाला आपला त्रास ओळखू येतो, हा त्याचा मोठा गुण. पण तो आजाराऐवजी माणसालाच चिकटतो, शिवाय 'चळ' म्हटले की भान सुटल्याचा अर्थ येतो. ओसीडीच्या बहुतेक रुग्णांचे भान शाबूत असते. आपण करतो ते अवाजवी आहे हे त्यांना ठाऊक असते, म्हणूनच लाजेपोटी ते वर्षानुवर्षे कोणाला सांगत नाहीत. 'कळतं पण वळत नाही' हे त्यांचे स्वतःचे शब्द मी केसपेपरवर जसेच्या तसे लिहून घेतो, कारण आजाराची जाणीव किती आहे हे त्याहून नेमके सांगणारी परिभाषा मला अद्याप सापडलेली नाही.

'अनिवार्यता' या शब्दावरचा माझा आक्षेप अधिक गंभीर आहे. जे निवारता येत नाही ते अनिवार्य, आणि या आजारावरची सर्वांत परिणामकारक मानसोपचार पद्धत तर कृती निवारता येते याच अनुभवावर उभी आहे. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी 1966 साली लंडनमध्ये दोन रुग्णांवर केलेल्या अशा उपचाराचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि पुढे ती पद्धत ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) या नावाने रूढ झाली. भीती वाटते त्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरे जायचे आणि त्यानंतरची ठरलेली कृती करायची नाही, एवढे तिचे सूत्र आहे. गॅसचा नॉब बंद आहे की नाही हे वारंवार पाहणाऱ्या बाईंना आम्ही नॉब एकदाच बंद करून स्वयंपाकघराबाहेर यायला सांगतो. परत जायचे नाही, लांबून डोकवायचे नाही, यजमानांना विचारायचे नाही, आणि मनातल्या मनात नॉब फिरवल्याचे आठवून खात्रीही करून घ्यायची नाही. छातीतली धडधड वाढते, काही काळ तशीच राहते, आणि काही न करताही ओसरू लागते. सुरुवातीला एवढे झेपत नसेल तर तपासणी दहा मिनिटे लांबवण्यापासून आरंभ होतो. ज्या आजाराच्या नावातच 'अनिवार्य' आहे, त्याच्या रुग्णाला हे करून पाहायला सांगणे अवघड जाते. म्हणून मी 'सतावणारे विचार' आणि 'सक्तीच्या कृती' असे दोन वेगळे शब्द वापरतो. विचार आपण रोखत नाही, कृती रोखतो, हा उपचाराचा गाभा त्या वेगळेपणातून लगेच समजतो.

'शंका' आणि 'संशय' यांची गल्लत तर निदानालाच भोवू शकते. रुग्ण म्हणतो, "मला सारखा संशय येतो." संशय सहसा दुसऱ्यावर असतो, म्हणून नवखा डॉक्टर भ्रमाच्या दिशेने विचार करू लागतो. पण एखादा प्रश्न अधिक विचारला की कळते, त्याला शंका येते ती स्वतःच्याच कृतीची : कुलूप लावले का, हात नीट धुतले का, रस्त्यात गाडीचा धक्का कोणाला लागला तर नसेल? एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच वैद्यकात या आजाराला 'शंकेचे वेड' म्हणत, ते सार्थच होते.

याहून मोलाचा भेद मराठी क्रियापदांतच आहे. नुकत्याच बाळंत झालेल्या आईला बाळाला इजा करण्याचे विचार येतात, एखाद्या श्रद्धाळू माणसाला देवासमोर अभद्र शब्द सुचतात, आणि दोघेही विचारतात, "म्हणजे माझ्या मनात तसं आहे का?" 'मनात असणे' म्हणजे हेतू, 'मनात येणे' म्हणजे नुसते येणे, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. "तुमच्या मनात येतं, तुमच्या मनात नाही," एवढ्या वाक्याने कित्येकांना पहिल्यांदाच रडू फुटते. मात्र ते एकदाच सांगायचे. प्रत्येक भेटीत रुग्ण तेच वदवून घेऊ लागला, तर ती विचारणाही सक्तीची कृती झाली असे समजावे.

औषधांच्या बाबतीत 'सवय' हा शब्द घोटाळा करतो. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुव्होक्सामिन यांचे व्यसन लागत नाही. ती एकाएकी बंद करू नयेत, ही गोष्ट निराळी. नैराश्यापेक्षा येथे मात्रा बहुधा जास्त लागते, सर्ट्रालिन 200 मिलिग्रॅमपर्यंत न्यावे लागू शकते, आणि परिणाम जोखायला 8 ते 12 आठवडे द्यावे लागतात. हे आधी सांगितले नाही तर तिसऱ्या आठवड्यातच "गुण नाही" म्हणून गोळ्या बंद होतात. क्लोमिप्रामिन जुने आणि प्रभावी औषध आहे, पण तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठ आणि हृदयावरील परिणाम यांमुळे ते सहसा मागाहून निवडले जाते. ओसीडीची तीव्रता मोजणाऱ्या, 1989 साली प्रसिद्ध झालेल्या येल-ब्राउन मापनश्रेणीत दहा बाबी आणि कमाल 40 गुण असतात. त्यांत साधारण 35 टक्क्यांची घट झाली की औषध लागू पडले असे धरतात. याला 'बरे झाले' म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. 'उतार पडला' हा आपला जुना शब्दप्रयोग अगदी चपखल आहे, आणि उतार पडल्यावरही औषध निदान एक-दोन वर्षे चालू ठेवतात, हेही त्याच दमात सांगता येते.

एका गोष्टीला मात्र रुळलेला शब्द हवा आहे. नॉब बंद असल्याचे पत्नीला पुन्हा पुन्हा सांगणारा नवरा, मुलाच्या आग्रहाखातर बाहेरून येताच कपडे बदलणारे आईवडील, यांच्या या वागण्याला 'लाड' म्हटले तर त्यांच्यावर अन्याय होतो, कारण ते मायेपोटी आणि भांडण टाळण्यासाठी हे करतात. मी त्याला 'आजाराला साथ देणे' म्हणतो आणि ती टप्प्याटप्प्याने कमी करण्याला 'घरच्यांचे पथ्य'. पथ्य म्हटले की कोणाला दोष लागत नाही, आणि रुग्णाच्या संमतीने ठरवलेले उत्तर, "याचं उत्तर मी देणार नाही, हे आपलं ठरलंय," घरच्यांना न चिडता देता येते.